दाव्याला बांधलेली दुर्बीण

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, उभ्यानं काही पटत नसे. कुठलीही गोष्ट समजून घ्यायची झाली की त्या लुगडं सावरून उकिडव्या बसत आणि ज्याची अडचण असेल त्याच्या उंचीवरून तिच्याकडे बघत. शेळी पिऊ देईना, तर करडाच्या तोंडाशी बसत. मी नवी सून असताना चुलीच्या धुरानं बेजार झाले होते. त्या माझ्या शेजारी बसल्या, धूर डोळ्यांत घेतला आणि दुसऱ्या दिवशी चुलीचं तोंड फिरवलं. "उभ्याला बसल्याचं दुखनं दिसत न्हाई," असं त्या म्हणायच्या.

माझे मालक रेल्वेत गेटमन होते. चिंचवड सोडून देहूरोडकडे जाताना लागणाऱ्या एका फाटकाशेजारी आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढे ओटा, ओट्यासमोर थोडं अंगण आणि पलीकडे रूळ. तेव्हा पिंपरीच्या बाजूला कारखाने नुकते उभे राहत होते. बाकी सगळी ज्वारीची रानं. माझी शेवंती त्याच घरात वाढली. दोन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना तिचे कान घेऊन गेला. त्यामुळे बोलणंही आलं नाही.

सहा वर्षांची असताना एका दुपारी ती रुळांत जाऊन उभी राहिली. मालगाडी शिट्टीवर शिट्टी मारत येत होती आणि ही वळणाकडे तोंड करून नुसती बघत होती. मालकांनी धावत जाऊन तिला उचललं. घरात आणून ठेवलं. असं पहिल्यांदा झालं नव्हतं, पण गाडी इतकी जवळ कधी आली नव्हती.

"बास झालं," ते म्हणाले. "दत्तूला निरोप धाडतो. येऊन घेऊन जाऊ दे तिला."

दत्तू माझा भाऊ. माझं माहेर खेडला. तिथं रूळ नाहीत, गाडी नाही. मालकांचं चुकत होतं असंही नाही. पण आईशिवाय कुणाच्या खुणा न समजणारं लेकरू तिथं कसं राहणार, हे मला विचारायचं होतं. मी दाराआड उभी होते. त्या घरात मी मोठ्यानं बोललेलं कुणाला आठवणार नाही.

आत्याबाई बोलल्या. "निरोप धाड. पर तो येईस्तवर मला जरा बघू दे."

"काय बघनार तू, आये?"

"ती काय बघती ते."

"आन तवर काय तिला शेळीवानी बांधून ठिवू?"

दुसऱ्या दिवशी गाडी जाऊन फाटक उघडलं, तशा आत्याबाई उठल्या आणि थेट रुळांच्या मधोमध जाऊन उकिडव्या बसल्या. पुढची गाडी यायला बराच वेळ होता, तरी मालक निशाण टाकून धावले. एक गाडीवान बैल थांबवून म्हणाला, "म्हातारे, जीव द्यायला गाडी गेल्यावर बसलीस व्हय?"

"तू तुजे बैल हाक. मी कामात हाय," आत्याबाई म्हणाल्या.

परत येऊन त्यांनी मला समजावून सांगितलं, कारण मालक रागावून निघून गेले होते. गाडी लांब असते तेव्हापासूनच जमीन थरथरते. आपल्याला कानानं कळतं, शेवंतीला तळपायानं. कुणी आलंय हे कळलं की कोण आलंय ते बघावंसं वाटतं. ओट्यावरून वळणावरची गाडी मुंगीएवढी दिसते, म्हणून पोर रुळांत जाते. "ती मरायला जात न्हाई गं, बघायला जाती. बसल्या जागी दिसलं तर कशाला जाईल?"

बसल्या जागी कसं दिसणार, ते त्यांना लवकरच मिळालं. फाटक बंद होतं, मिल्ट्रीची जीप थांबली होती आणि आतला साहेब डोळ्यांना दुर्बीण लावून घोरावड्याचा डोंगर न्याहाळत होता. आत्याबाईंनी त्याच्यापुढे हात केला. ना ओळख, ना भाषा. तोही भला माणूस, त्यानं गळ्यातून काढून दिली. आत्याबाई शेवंतीएवढ्या खाली बसल्या, वळणाकडे बघितलं, परत दिली आणि मला म्हणाल्या, "सापडलं."

आधी त्यांनी चिंचवडच्या बाजारातून पत्र्याची रंगीत दुर्बीण आणली. दुर्बीण म्हणजे दुर्बीण, असं आम्हाला वाटलं. तिला साध्या काचा होत्या. आत्याबाईंनी त्यातून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यातनं तर हाय तेवढंच दिसतंय." शेवंतीनं ती बाहुलीच्या उशाला ठेवली.

मग आम्ही तिघी देहूरोडला गेलो. तिथं बाबूचाचांचं दुकान होतं. चाचा मूळचे मोटारीचे मिस्त्री. मिल्ट्रीनं लिलावात काढलेलं सामान घेऊन विकायचे. बूट, कंदील, रेनकोट, पाण्याच्या बाटल्या सगळं टांगलेलं. त्यांनी पहिली काढली ती पितळी, भलीमोठी. शेवंतीच्या गळ्यात घालताच तिची मान खाली गेली.

"हिला लढाईवर न्हाई धाडायची, चाचा," आत्याबाई म्हणाल्या. "धोंडा काढ तो."

दुसरी हलकी होती. चाचा तिचं फार कौतुक सांगत होते. "आक्का, हिच्यातनं डोंगरावरच्या शेळीची दाढी दिसती." शेवंतीनं ती लावली, पुन्हा पुन्हा डोळे चोळले, पुन्हा लावली. तिला दिसत होतं की नाही, कोण सांगणार? विचारावं तर ऐकू येत नाही, सांगावं तर बोलता येत नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

आत्याबाईंनी दुर्बीण स्वतः लावून बघितली. दोन नळ्यांच्या मध्ये सांधा होता. तो उघडझाप करता करता त्या थांबल्या. मग त्यांचा हात सवयीनं स्वतःच्या मनगटाकडे गेला, पण त्या विधवा, तिथं काय असणार? मी माझी बांगडी काढू लागले, तर मला दटावलं, "हात रिकामा करू नगंस." शेवंतीच्या हातातल्याच तीन बांगड्या त्यांनी उतरवल्या. फळीवर एका बाजूला एक ठेवली. दुसऱ्या बाजूला दोन, एकीवर एक अर्धी सरकवून.

मग त्या जमिनीवर बसल्या आणि शेवंतीला समोर घेतलं. सांधा फाकवून स्वतः बघितलं, आत दोन गोल दिसले, तसं दोन बांगड्यांवर बोट ठेवलं. सांधा आपल्या डोळ्यांएवढा मिटवून बघितलं, एकच गोल दिसला, तसं एका बांगडीवर बोट ठेवलं. असं पुन्हा पुन्हा केलं. पोरीचे डोळे एकदम चमकले. तिनं दुर्बीण ओढून घेतली, लावली आणि दोन बांगड्यांवर बोट ठेवलं. सांधा होता तेवढा मिटवला तरी दोनच.

चाचा हसून म्हणाले, "दोन दिसल्या तर काय बिघडलं आक्का? एकावर एक फुकट."

"उद्या तुला दुकानं दोन दिसली तर भाडं बी दोनाचं भरशील का? लेकराचं डोळं जवळजवळ असत्यात. मोठ्याची बांगडी बारक्या हातात राहती का? आत बघ, बारकी आसंल."

चाचा आत गेले, बराच वेळ खुडबुड केली आणि धूळ पुसत एक इवलीशी दुर्बीण घेऊन आले. पुण्याला घोड्यांच्या शर्यती बघायला कुणी मडम वापरायची म्हणे. "पर ही लई जवळ न्हाई आनत," ते म्हणाले. आत्याबाईंनी सांधा दाबला. अडकित्त्यासारखा पार मिटत आला. शेवंतीनं ती लावली, रस्त्याकडे तोंड केलं आणि डोळे न काढता हातानं चाचपडत एका बांगडीवर बोट ठेवलं. मग दुर्बीण खाली घ्यायलाच तयार होईना.

"हीच," आत्याबाई म्हणाल्या. "लांबचं जरा जवळ आलं म्हंजी झालं. लेकरू लांब जायला नगं."

घरी आल्यावर मालकांनी ती हातात घेऊन बघितली. "आन ही घिऊन ती रुळात गेली तर?"

आत्याबाईंनी करडाचं जुनं दावं आणलं. एक टोक दुर्बिणीच्या पट्ट्याला, दुसरं ओट्याच्या खांबाला. गाठ अशी मारली की मालकांनाही सुटेना. "तू म्हनलास ना, बांधून ठिव म्हनून? लेकराला न्हाई बांधायचं. दुर्बिनीला बांधायचं."

मालक इतकंच म्हणाले, "दत्तू येईस्तवर बघू."

तेवढे दिवस माझा जीव शेवंतीच्या पावलांत होता. ती उठली की मी उठायची. दत्तू आला तो दुपारी. मी तिचे झगे गाठोड्यात बांधून ठेवले होते. सगळे जेवायला बसलो. दोन घास झाले असतील, शेवंती ताट सोडून उठली आणि धावली. मीही उठले, पण आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "बस."

शेवंती दारातून गेली, ओट्यावर गेली आणि खांबाशी थांबली. दुर्बीण डोळ्यांना लावली. वळणाकडे बघत राहिली. मग आत येऊन तिनं बापाचा सदरा ओढला आणि हात लांब, लांब करून दाखवला. मालगाडी. त्यानंतर कुठं फाटकाच्या केबिनमधली, गाडी येत असल्याची घंटा वाजली.

मालक निशाण घेऊन गेले. गाडी निघून गेली, फाटकाशी थांबलेल्या बैलगाड्या ओरडू लागल्या, तरी ते निशाण धरून उभेच होते.

मालक आत आले, तरी दत्तूला काही कळेना. "मग दाजी, पोरीला कधी न्यायची?"

उत्तर आत्याबाईंनी दिलं. "भाऊबीजंला ये आन बघून जा. न्यायची न्हाई." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गाठोडं सोड गं." मी गाठोडं सोडलं.

आत्याबाई पुढे बरीच वर्षं जगल्या. शेवंतीचं लग्न त्यांनी डोळ्यांनी बघितलं. शेवंतीनं आमच्या प्रत्येकासाठी हाताची एक खूण ठरवली होती. बाप म्हणजे निशाण हलवल्यासारखं. मी म्हणजे पदर पुढे ओढल्यासारखं. आजीसाठी ती दोन्ही मुठी डोळ्यांशी नेऊन हळूच एकमेकींना भिडवायची. आत्याबाई गेल्या त्या दिवशी ती कितीतरी वेळ तशीच बसली होती.

तिच्या मुलांना चांगलं ऐकू येतं, बोलतातही भरपूर. त्यांनी पणजीला पाहिलेलं नाही. पण कुणी विचारलं, "हे घर कुणी राखलं रे?" तर नाव सांगायच्या आधी त्यांच्या मुठी डोळ्यांकडे जातात.