शेवटच्याला पाणी

गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतः जोडायचा, पाण्यानं थंड होणारा आणि उसाच्या थीमचा, एवढं मी ठरवलं होतं. पुढचं काहीच ठरेना. नळ्यांतलं पाणी पानासारखं हिरवं घ्यावं की रसाच्या रंगाचं? आधी प्रोसेसरवरून न्यावं की ग्राफिक्स कार्डावरून? जितके व्हिडिओ बघितले तितकं डोकं उठलं.

एका रविवारी आबा, म्हणजे माझे वडील, हातकणंगल्याहून माझ्या कोल्हापुरातल्या खोलीवर आले. त्यांचा ऊस पाणीपुरवठा संस्थेच्या पाइपलाइनच्या अगदी टोकाला आहे. तिथवर पाणी पोचेपर्यंत चेअरमननं ठरवून दिलेली पाण्याची पाळी संपते. कॉम्प्युटरच्या नळ्या कशा जोडायच्या याचं मी कागदावर काढलेलं चित्र त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "पैलं पाणी कुणाला?"

"तेच तर कळंना झालंय," मी वैतागून म्हणालो.

"आणि शेवटच्याला? त्येला काय उरतंय का?"

"उरायचा प्रश्नच न्हाई, आबा. पंप तेच पाणी फिरवत राहतोय. पहिला काय, शेवटचा काय, सगळ्यांना सारखंच."

हे बोलून गेल्यावर माझं मलाच कळेना, मग इतके दिवस मी कसली डोकेफोड करत होतो. आबा मात्र चित्रावरची नजर काढेनात.

"ह्येचा चेअरमन कोण हाय?" त्यांनी विचारलं.