तिठ्यावरचं टिंब

माझ्या मावशीच्या यजमानांनी उभ्या आयुष्यात एकाही पाहुण्याला आपणहून घर सापडू दिलं नाही. रत्नागिरीत त्यांची खानावळ होती, म्हणजे रांधायची मावशी आणि मालक काका. काकांचं काम मात्र खानावळीत नसेच. ते वर तिठ्यावर, पानाच्या टपरीपाशी उभे असत. गणपतीपुळ्याला निघालेली गाडी जराशी घुटमळली की काका खिडकीत वाकलेच. "ते सुरंगीचं झाड होतं ना, तिथून पाखाडी उतरायची." झाड तोडून वीस वर्षं झालेली. समोरचा गोंधळला की काकांचा चेहरा खुलायचा. "चला, मीच येतो," म्हणून ते पुढे निघत आणि पाखाडीच्या पायऱ्या संपेपर्यंत पाहुण्याचं मूळ गाव, मुलाची नोकरी आणि पित्ताचा त्रास एवढं सगळं काढून घेत. मग दारातूनच आत वर्दी देत, "अगं, ह्यांना तिखट चालत नाही."

पुढे नवा रस्ता झाला आणि गाड्या परस्पर जाऊ लागल्या. दुपारी जेवणाची पाच पानंही उठेनात. "हा मे महिना बघायचा, नाहीतर कुलूप लावून मुलाकडे डोंबिवलीला," मावशीनं सांगून टाकलं. डोंबिवलीचं नाव काढलं की काका भरल्या ताटावरून उठत. मी तेव्हा सायबर कॅफे चालवायचो. काकांना शेजारी बसवून मी इंटरनेटवरच्या नकाशात खानावळ घालायला घेतली. नाव, फोन, सोलकढीचा फोटो. वेळेपुढे काकांनी लिहायला लावलं, 'मासे ताजे नसतील त्या दिवशी येऊ नये.' जेवून जाणाऱ्यांना दोन ओळी लिहायला सांगा म्हटलं, तर दुखावले. "जेवू घालायचं आणि वर दाखला मागायचा? शोभतं का ते?" शेवटी खानावळीचं टिंब नकाशावर ठेवायचं राहिलं. ते मीच ठेवतो म्हणून त्यांनी माउस घेतला आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

महिना गेला तरी एक पान वाढेना. फोन यायचे, निघालोय म्हणायचे, आणि माणसं यायची नाहीत. मी नकाशा उघडून बघितला, तर टिंब तिठ्यावर. काकांनी ते स्वतः उभे राहायच्या जागी ठेवलं होतं. पुण्याची मंडळी पोहोचायची दोननंतर, आणि दोन ते चार काका झोपायचे, हे काही नकाशाला माहीत नव्हतं. माणसं टपरीशेजारच्या हॉटेलात जेवून पुढे जात होती. "अरे, पाहुण्याला सामोरं जायची पद्धत आहे आपली," काका म्हणाले. आपलं काही चुकलं असं त्यांना वाटतच नव्हतं. मी टिंब उचलून खानावळीच्या कौलांवर ठेवलं.

मे महिन्यात इंटरनेटवरून छापून घेतलेले नकाशे हातात घेऊन माणसं थेट दारात येऊ लागली. मावशीला मदतीला बाई ठेवावी लागली, डोंबिवलीचा विषय बंद झाला. काका तिठ्यावर उभे असतच, पण लोक कागदात बघत त्यांच्या शेजारून पाखाडी उतरत.

एकदा ते कॅफेत येऊन माझ्या शेजारी बसले. मग हळूच म्हणाले, "सोमवारी आपली खानावळ बंद असते. तेवढ्या दिवसापुरतं ते टिंब तिठ्यावर ठेवता येईल का रे?"

"तसं होत नाही, काका," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि उठून गेले.

होत होतं. दोन मिनिटांचं काम होतं. एखादा सोमवार मी त्यांना द्यायला हवा होता, असं आता फार वाटतं.