फिरत्या पिंपाचं झाकण

रंगाच्या कारखान्यात त्याला सगळे भोवऱ्या म्हणत. अर्धं आयुष्य त्यानं गरगर फिरणाऱ्या पिंपाशेजारी काढलं होतं. हे पिंप भोकाभोकांचं, आतून कापडाचं अस्तर लावलेलं. त्यात रंगाचा चिखल सोडायचा आणि मोटर सुरू करायची. वेग वाढला की सगळा माल बाहेरच्या अंगाला फेकला जातो. पाणी कापडातून, भोकांतून निसटतं आणि रंग थर होऊन चिकटून बसतो. ओला कपडा पिळण्यासारखंच, फक्त पिळणारा हात नसतो.

मोटर बंद केली तरी जड पिंप आपल्याच जोरात बराच वेळ फिरत राहतं. तोवर झाकण उघडू नये म्हणून खटका असतो. भोवऱ्याला ते ताटकळणं सोसेना. त्यानं खटका तारेनं बांधून टाकला. संथ फिरत्या पिंपात फावडी नुसती टेकवली की थर आपणहून सोलून निघतो, हा शोधही त्याचाच. साहेबांनी पाठ थोपटली, तारेकडे मात्र कधी पाहिलं नाही. बघता बघता प्रत्येक यंत्रावर तार आली.

मग एक दिवस फावडी कापडाच्या घडीत अडकली आणि तिच्यामागोमाग त्याचा उजवा हात आत गेला.

आता तो फाटकावर बसतो. डाव्या हाताच्या नखांतला निळा रंगही हळूहळू उतरला. फाटकाला लागून असलेल्या त्याच्या यंत्रावर आता जावई असतो. त्याला नोकरीला चिकटवायला भोवऱ्यानंच शब्द टाकला होता. लेक रोज एवढंच म्हणते, "बाबा, यांच्याकडे लक्ष असू द्या."

एका संध्याकाळी त्यानं जावयाला वाटेत गाठलं. इकडचं तिकडचं बोलून तारेवर आला. जावयानं आधी चेष्टेवारी नेलं. मग म्हणाला, तार सोडली तर पाळीचा माल निम्माच निघेल, बाकीचे शेण घालतील तोंडात.

"जावईबापू, माझ्याकडे बघा तरी."

"बघतोय ना, मामा. पण तुमचं कापड ढिलं होतं. मी ताणून बसवतो."

 अपघाताच्या आदल्याच दिवशी भोवऱ्या स्वतः अगदी हेच कुणाला तरी सांगत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, आत कुणी नसताना, तो यंत्रापाशी गेला. हादऱ्यानं सुटू नये असा पीळ तारेला त्यानंच कधीकाळी बसवला होता. आता एका हातानं तो उलगडेना. शेवटी दात लावले. तोंडात गंजाची आणि रक्ताची चव घेऊन तो फाटकावर परतला, तार खिशात.

सुट्टी संपली. यंत्र लागलं. बऱ्याच वेळानं मोटर बंद झाली आणि घरघरीचा सूर उतरत गेला. पिंप अजून फिरत होतं. तेवढ्यात झाकण धाडकन उघडलं आणि फावडीची खरखर सुरू झाली.

तारेला काय तोटा, कोपऱ्यात भेंडोळंच पडलेलं असतं.

खिशातली तार मुठीत आवळून भोवऱ्या झाकण पडायची वाट पाहत राहिला. पडलं. मग मोटर पुन्हा लागली, आणि तो पुन्हा कान देऊन बसला.