एकसष्टावी

बिबवेवाडीतल्या त्या शाळेत मुख्याध्यापक कोण, हे पालकांना दर दोन-तीन वर्षांनी नव्याने विचारावं लागतं. मुक्ताई कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही. महापालिकेच्या दप्तरी ती शिपाई, बाकी सगळ्यांच्या लेखी मावशी. परिपाठाच्या आधी ती फाटकात एका हातात कंगवा आणि दुसऱ्या हातात खोबरेलाची बाटली घेऊन उभी असते. विस्कटलेलं डोकं तिच्या हाताखालून गेल्याशिवाय प्रार्थनेला जात नाही. डोक्याला तेल लागलं की तोंड सुटतं, असा तिचा अनुभव. त्यामुळे कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या आईला दिवस गेलेत, कुणाच्या बापाने नोकरी सोडली, हे सगळं तिला घंटेच्या आत कळतं.

शिक्षकांच्या बातम्याही तिच्याचकडे. तेजस्विनीबाईंच्या भावाचं लग्न ठरल्याचं बाईंच्या सासरी कळण्याआधी खिचडीच्या रांगेत कळलं होतं. बाई भडकल्या. मावशी शांतपणे म्हणाली, "चांगली बातमी हाय ना? मग झाकून कशाला ठेवायची, नासंल की." वाईट बातमी मात्र तिच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. ती पोटात ठेवायची. हा तिचा मोठा गुण, असं सगळे म्हणत. मीही म्हटलं असतं, पण पुढे जे झालं ते ऐकून मग ठरवू.

त्या वर्षी जुलैत प्रभारी मुख्याध्यापक आपटे सरांनी दोन्ही शिक्षिकांना खोलीत बोलावलं. चहा मावशीनेच आणला होता, म्हणजे बैठकीला ती होतीच. आपटे सर शनिवार पेठेतून रोज स्कूटरवर येतात आणि येताना वाटेतला सगळा वैताग सोबत आणतात.

"पटावर साठ मुलं आहेत," सर म्हणाले. "नियम आपणा सर्वांना पाठ आहे. साठपर्यंत शिक्षक दोन, एकसष्टला तिसरा. तीस सप्टेंबरला मोजणी. कुणी पुन्हा पहिलीत बसायला तयार असेल तर सांगा, नाहीतर मीच बसतो."

कुणी हसलं नाही. तिघांत सर्वांत नवी नोकरी शर्मिलाबाईंची, म्हणजे अतिरिक्त ठरायच्या त्या, हे न बोलता सगळ्यांना कळलं. त्या पहिली-दुसरी सांभाळत. त्या गेल्या तर दोन शिक्षकांत पाच वर्ग. म्हणजे चौथी-पाचवीच्या खोलीत पहिलीची पोरं मागे, भिंतीकडे तोंड करून बसणार, पुढच्यांच्या अभ्यासाकडे लक्ष जाऊ नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी तशी ती बसली होती. मावशीने ते पाहिलं होतं. एक पोरगं भिंतीतल्या पोपड्यांना नखाने कुरतडत वर्षभर बसलं, आणि वर्षाच्या शेवटी त्याला पोपडे सोडून काही येत नव्हतं.

शर्मिला ओव्हाळ म्हणजे काय चीज, हे मावशीला सार्थकमुळे कळलं. हा सार्थक मागच्या वर्षी जूनपासून चार महिने शाळेत एक अक्षर बोलला नव्हता. बाईंनी त्याला एकदाही 'बोल' म्हटलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी जमिनीवर बसून त्या आपला डबा खायच्या, बस्स. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पोरगं म्हणालं, "बाई, तुमची भाजी खारट हाय." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मावशीने ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत पोचवली. त्या दिवसापासून मावशीचा त्यांच्यावर पोटच्या पोरीसारखा जीव. बाईंना कुणी हलवणार म्हटल्यावर तिच्या पायाला भिंगरी लागली.

शाळा सुटली की ती पदर खोचून एकसष्टावं मूल शोधायला निघायची. चाळी झाल्या, पत्र्याच्या खोल्या झाल्या, इमारतींची बांधकामं झाली. एका सोसायटीत वॉचमनच्या खोलीकडे जाताना वरच्या बाल्कनीतून एक बाई म्हणाल्या, "मराठी शाळेत? अहो, आमच्या कामवालीचा मुलगासुद्धा इंग्लिश मीडियमला आहे." मावशीने मान वर केली. "माहीत हाय की. त्योच परवा शाळेच्या फाटकात उभा राहून म्हनत होता, मावशी, मला घरी बोलायला शिकवा." हे तिने तिथल्या तिथे रचलं होतं. बाल्कनीचं दार लागलं. मूल काही मिळालं नाही, पण मावशीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

गणपती आले, बसले, गेले. पट साठच राहिला. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेच्या मागच्या गल्लीत, तिला राजनंदिनी सापडली.

सहा-सात वर्षांची पोरगी, ओट्यावर बसून मेथीची जुडी निवडत होती. आजोबा धोंडिबा भाजीची हातगाडी लावायचे. घर महिन्यापूर्वीच इकडे बदललं होतं. पोरगी जायची ओढ्यापलीकडच्या महापालिकेच्या शाळेत, दुसरीत. रोज सकाळी आजोबांच्या गाडीवर कोथिंबिरीच्या शेजारी बसून.

"दारात शाळा असताना एवढ्या लांब?" मावशी म्हणाली. "पावसापान्याचं पोरीला भिजवता व्हय ओ? आमच्याकडं घाला. मी सोता न्यायला येते."

धोंडिबांनी टोपी मागे सरकवून विचार केला. "तुम्ही म्हनता ते खरं हाय," ते म्हणाले. अर्जावर त्यांनी तिथेच सही केली. पोरीला कुणी विचारलं नाही. एवढ्याशा पोरीला काय विचारायचं असतं?

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी शाळेत बसली. आपटे सरांनी, ज्यांनी वर्षानुवर्षं कुणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही, मावशीला म्हटलं, "मावशी, आज तुम्ही माझा चहा पिऊ शकता." शर्मिलाबाई तिच्या गळ्यातच पडल्या. त्यांची लेक दोन वर्षांची, सासूबाईंकडे शाळेपासून हाकेच्या अंतरावर. लांब बदली झाली असती तर त्यांना लेक झोपलेलीच दिसली असती. मावशीने तेजस्विनीबाईंना पेढे आणायला पिटाळलं आणि ते स्वतःच्या हाताने वाटले.

फक्त त्या पोरीला पेढा दिला तेव्हा तिने तो हातात धरून ठेवला. दोन दिवस झाले, तीन झाले, ती कुणाशी बोलेना. मावशीने कंगवा पुढे केला तर मागे सरकली. मावशी म्हणाली, नवी हाय, रुळंल.

चौथ्या दिवशी दाखला आणायला मावशी ओढ्यापलीकडे गेली. दाखला इकडे दाखल झाल्याशिवाय नाव पक्कं होत नाही. तिकडची शिपाईण प्रेमला ही तिची जुनी मैत्रीण, दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या. प्रेमलाने चहा टाकला. तिकडच्या मुख्याध्यापक बाईंनी अर्ज वाचला, कपाटातून वही काढली, दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. सगळं शांतपणे. मग दाखला मावशीच्या हातात देताना म्हणाल्या, "तुमची ही एकसष्टावी ना? आमचीही एकसष्टावीच होती हो."

मावशीने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजी तुमच्याकडं बी..."

"हो. पण पालकांचा अर्ज आहे, मला अडवता येत नाही. आणि तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं." त्या खरंच रागावलेल्या नव्हत्या, हे सगळ्यांत वाईट. बाहेर पडताना मावशीला दुसरीचा वर्ग दिसला. दारात एक तरुण बाई, शेफालीबाई नाव, तिला पाहून पुढे आल्या. "राजनंदिनी बरी आहे ना? तिला सांगा, तिच्या कुंडीला मी पाणी घालते. आणि मावशी, ती पोटात दुखतंय म्हणाली तर दुखत नसतं, तिला भीती वाटत असते. तेवढं तुमच्या बाईंना सांगाल?"

तिकडे सर्वांत नव्या याच, म्हणजे बदली व्हायची ती यांचीच. त्या कुंडीचं सांगत होत्या.

परतीचा रस्ता मैलभराचा, पण मावशीला तो सरता सरेना. दाखला पिशवीत होता. आपल्या ताटात वाढलेला घास दुसऱ्याच्या ताटातून उचललेला होता, हे कळल्यावर तो गोड कसा लागणार? तरी मन सांगत होतं, अगं, तू कुठे चोरी केलीस? दार जवळ होतं, पोरगी दारात आली. शर्मिलाबाईंची लेक आठव. भिंतीकडची पोरं आठव. हे सगळं आठवत ती शाळेकडे न वळता मागच्या गल्लीत शिरली.

राजनंदिनी ओट्यावर होती. मावशी तिच्या शेजारी बसली. आयुष्यात शेकडो पोरांची डोकी तिने न विचारता विंचरली होती. आज पहिल्यांदा विचारलं.

"बाळा, तुला कुठल्या शाळंत जायचंय?"

पोरीने ओढ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "तिकडं माझ्या बाई हायत."

"इकडं बी बाई हायत की."

"त्या माझ्या न्हाईत."

पोरीने भांडण केलं नाही, रडली नाही. दोन आणि दोन चार म्हणावं तसं म्हणाली. मावशी उठली. धोंडिबांशी बोलली, अर्ज मागे घ्यायची सही घेतली, आणि पुन्हा ओढ्यापलीकडे गेली. प्रेमला म्हणाली, "येडी हायस का तू?" मावशी म्हणाली, "असंन."

ही बातमी शाळेत सांगणं मात्र तिला जमलं नाही. वाईट बातमी पोटात ठेवायची सवय आडवी आली. उद्या सांगू, परवा सांगू करत आठवडा गेला. पोरगी आजारी असेल असं सगळ्यांना वाटत राहिलं. अठ्ठावीस तारखेला आपटे सरांनी दाखला मागितला तेव्हा मावशीने सगळं सांगितलं, शर्मिलाबाईंच्या समोर.

आपटे सरांना पहिल्यांदाच टोमणा सुचला नाही. त्यांनी पटाची वही मिटली.

शर्मिलाबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही त्या मुलीला विचारलंत. मला नाही विचारलंत."

"बाई, मला..."

"मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं तुम्हाला? मी स्वतः जाऊन दाखला परत दिला असता. पण मला माझ्या हाताने द्यायचा होता. आठवडाभर मी घरी सगळ्यांना सांगत होते की मी राहणार आहे. लेकीला सांगत होते."

मावशीने बरोबर केलं आणि तरी चुकलं, आणि दोन्ही खरं आहे.

तीस सप्टेंबरला मोजणी झाली. साठ. दिवाळीनंतर आदेश आला. शहराच्या पार पूर्वेला, नव्याने महापालिकेत आलेल्या एका गावातली शाळा, दोन बस बदलून. निरोपाला शाल-नारळ झाला, पोरांनी गाणं म्हटलं. आपटे सरांनी भाषणात तीन वाक्यं बोलून चष्मा पुसला. शर्मिलाबाईंनी सगळ्यांना नमस्कार केला, मावशीलाही केला, पण बोलल्या नाहीत. सार्थक फाटकापर्यंत त्यांच्या ओढणीला धरून गेला.

डिसेंबर गेला. पहिलीची पोरं चौथीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसू लागली. मावशी कामं उरकून दुपारी तासभर त्यांच्यात जाऊन बसायची. तिला शिकवता येत नव्हतं, पण निदान कुणी पोपडे कुरतडत नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी तिचा फोन वाजला.

"मावशी, मी शर्मिला."

"बोला, बाई."

"इथे पहिलीत एकेचाळीस मुलं आहेत. वर्ग भरून जातो." मग म्हणाल्या, "मी अजून रागावलेली आहे."

"रागवा. तुमचा हक्क हाय."

"पण रागवायला फोन केला नाही. आपल्या मुलांचं सांगा. एकेकाचं. चांगलं असेल ते सांगा आणि वाईट असेल तेही सांगा. आता लपवायचं नाही."

मावशी खाटेवर नीट बसली. आणि तिने सांगायला सुरुवात केली. सार्थकचे पुढचे दोन दात पडले आणि तो आता वर्गात सगळ्यांत जास्त बोलतो. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाची आई दवाखान्यात आहे. पोरं कुठे बसतात तेही सांगितलं, तेव्हा बाईंनी कोण कुणाशेजारी बसतं ते विचारलं. मग मावशी पुढे सांगत राहिली, एकेक नाव घेत, साठच्या साठ. तासभर गेला. मावशी म्हणाली, "झालं, बाई. संपली आपली पोरं."

"आणि राजनंदिनी?"

"ती कुठं आपली हाय?"

"तरी सांगा," शर्मिलाबाई म्हणाल्या.

प्रेमला कालच भेटली होती. मावशीने डोळे पुसले आणि पोरगी आता अडखळत का होईना, वाचायला लागल्याचं सांगितलं.