महालक्ष्म्या मूर्तिजापूरला

सोमवार, पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या फूलबाजारात पार्बताबाई शेवंतीच्या ढिगापाशी उकिडव्या बसल्या होत्या. ओंजळभर फुलं उचलायची, गालाला लावायची, परत ठेवायची. गाल गार पडला की समजायचं, वजन वाढावं म्हणून पाणी मारलंय. तीन ढीग त्यांनी असे गालानं तपासले आणि चौथ्यापाशी थांबल्या. आजूबाजूला माणसं बोलत होती, भाव ठरत होते; पण फुलांच्या पोत्यांमध्ये आवाज मुरून जातो आणि भरलेला बाजारही झोपेत ऐकल्यासारखा वाटतो. उद्या घरोघरी महालक्ष्म्या यायच्या होत्या. हार ओवणाऱ्या बाईसाठी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो. आणि त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आज, घराची तपासणी होती.

पावणेसहाला ऑटोनं त्यांना शहराबाहेरच्या घरकुल वसाहतीपाशी सोडलं. काळ्या रानात उभ्या पाच इमारती, प्रत्येकी चार मजले. पावसाळ्यात इथली माती पाणी पिऊन फुगते, वरची भिंत तिच्याबरोबर ताणली जाते आणि दारं चौकटीत अडकतात. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडायची पार्बताबाईंची रीत ठरलेली आहे. कडी वर उचलायची, उजव्या कमरेनं खालच्या कोपऱ्याला एक धक्का द्यायचा. दार हलकेच सुटतं. दारावर पाटी आहे : खुशालराव गावंडे. त्या पाटीखालून पार्बताबाई चार वर्षं ये-जा करत आहेत.

खुशालरावांना हे घर सरळ मार्गानं मिळालं होतं. मोर्णा नदीच्या काठची त्यांची झोपडी हलवली गेली, चिठ्ठ्या निघाल्या, त्यात त्यांचं नाव आलं. तीन वर्षं ते बायको-मुलांसह इथं राहिले. मग मूर्तिजापूरला सासऱ्यांची जमीन वाट्याला आली, तिथं त्यांनी पक्कं घर बांधलं, आणि इथली किल्ली किरायानं पार्बताबाईंकडं आली. घरकुल किरायानं देता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पार्बताबाईंना जरा जास्तच, कारण घरकुलासाठी त्यांचा स्वतःचाही अर्ज आहे. सात वर्षांपूर्वी प्रतीक्षा यादीत त्यांचा क्रमांक दोनशे बारा होता. आता अडतीस आहे.

यादी कशी सरकते, हे त्यांनी घरकुल कक्षाच्या फलकासमोर उभं राहून समजून घेतलं होतं. एखादं घर रद्द झालं की ते यादीतल्या पहिल्या माणसाला जातं आणि मागचे सगळे एकेक पायरी वर येतात. त्यांच्या इमारतीत सोळा दारं आहेत. त्यातल्या पाच दारांवरची पाटी आणि आतली माणसं जुळत नाहीत. जिना चढताना त्या कधी कधी मनात ती पाच घरं रिकामी करून बघायच्या आणि क्रमांक तेहेतीसवर आणायच्या. पाचवं दार स्वतःचं आहे, हे तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर आठवायचं.

सहाला त्या खिडकीशी माळ घेऊन बसल्या. ओवताना त्यांचे डोळे अर्धे मिटलेले असतात; बोटांचं डोळ्यांवाचून अडत नाही. अशा वेळी त्या मनातल्या एका घरात फिरत असतात. नवरा वारल्यावर मोर्शीजवळच्या गावातून त्या अकोल्याला आल्या, तेव्हा त्या घराला अंगण होतं, अंगणात संत्र्याची दोन झाडं होती आणि ओसरीवर उन्हाचा एक पट्टा सरकत राहायचा. मग वर्षागणिक घर आटत गेलं. आधी झाडं गेली. मग अंगण गेलं, ओसरी गेली. उरल्या दोन खोल्या, पूर्वेची एक खिडकी, हात पोचेल एवढ्या उंचीवर फळी आणि एक मोकळा कोपरा. तो कोपरा महालक्ष्म्यांसाठी. त्यांच्या सासरच्या महालक्ष्म्या मोर्शीला मोठ्या दिराकडं बसतात. स्वतःकडं बसवायच्या तर आधी घर स्वतःचं लागतं. अकरा वर्षं त्यांनी लोकांच्या महालक्ष्म्यांसाठी हार ओवले आणि तो कोपरा झाडून स्वच्छ ठेवला. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मनातल्या त्या घराचं दारही आता कमरेचा धक्का दिल्याशिवाय उघडत नव्हतं.

साडेनवाला बाहेरून दार ढकलल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग खांद्यानं. समोरच्या दारात गोदाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या दारावरची पाटी त्यांच्या नवऱ्याची होती आणि नवरा आत झोपलेला होता; त्यामुळं त्यांना कोणाशीही मोकळेपणानं बोलता यायचं.

"काय जी खुशालभाऊ," त्या म्हणाल्या, "आपल्याच घराचं दार उघडून नाई रायलं का?"

"फुगलं हाय थे."

"चार वर्सांपासून फुगते. तुमालेच दिसलं नाई."

पार्बताबाईंनी आतून कडी उचलून दार सोडलं. खुशालराव घामेजलेले आत आले. साठीचा, भला दिसणारा, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस. त्यांनी मोठी पिशवी उघडली. तिच्यातून कुटुंबाचा चौकटीतला फोटो निघाला, दाढीचं सामान निघालं, दोन सदरे, बायकोचं लुगडं आणि एक जुना चष्मा. फोटो भिंतीवरच्या खिळ्याला गेला, सदरे दाराच्या खुंटीला, दाढीचा ब्रश मोरीच्या कट्ट्यावर. दहा मिनिटांत घर खुशालरावांचं दिसू लागलं. पार्बताबाई फुलांच्या मध्ये बसून बघत होत्या. त्यांना वाटलं, आपणच पाहुण्या आलोय आणि निघायची वेळ विसरलोय.

"तुमी माही बहीण," खुशालराव म्हणाले. "एवढंच म्हना आन सही करा. बाकी मी बोलतो."

"बहिनीचं नाव काय जी?"

"काहून?"

"मले माहं नाव तं माईत पायजे."

खुशालरावांनी क्षणभर विचार केला. "पार्बताबाईच राहू द्या. आधार कार्डावर थेच हाय."

तपासणीची नोटीस आठ दिवसांपासून जिन्यात चिकटवलेली होती. खाली फॉर्मचा नमुना होता. पार्बताबाई सावकाश वाचतात, पण वाचतात. त्यातली शेवटची ओळ त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी वाचली होती : 'वरील कुटुंबातील कोणत्याही सदस्याचा घरकुलासाठी अन्य अर्ज नाही.' बहीण म्हणून सही केली तर हे घर राहत होतं आणि अडतीस नंबर जात होता. सही नाही केली तर नंबर राहत होता आणि घर जात होतं. खुशालरावांना त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. काय करायचं, ते त्यांचं त्यांनाच ठरलेलं नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी हर्षा आली. सर्वेक्षणाच्या कंत्राटी कामावरची पंचविशीतली मुलगी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तीन जिने चढून लागलेली धाप. तिनं प्रश्न विचारले आणि खुशालरावांनी एकाही प्रश्नाला न अडखळता उत्तरं दिली. वीजबिल दाखवलं, फोटो दाखवला. बायको कुठं आहे तर देवदर्शनाला गेली. मुलगा कुठं आहे तर कामावर गेला. ही कोण, तर माझी बहीण, विधवा आहे, माझ्याचकडं राहते. हर्षा टॅबवर बोट टेकवत गेली. मग पाणी मागून घेतलं आणि फुलांच्या ढिगाशेजारी टेकली.

"काय वास सुटलाय," ती म्हणाली. आवाज आता कामाचा राहिला नव्हता. "आमच्या मोर्शीले आई बी आता हेच करत बसली असन. मखर, फुलोरा... काका, तुमच्या महालक्ष्म्या कुठी मांडता? या कोपऱ्यात?"

तिनं जागा दाखवली ती तीच होती, पार्बताबाईंनी झाडून ठेवलेली.

खुशालरावांनी कोपऱ्याकडं पाहिलं. खिडकीतून वारा आला, कात्रीनं कापलेले देठ जमिनीवर थोडे सरकले. वऱ्हाडात कुटुंबाचा पत्ता रेशन कार्डावर कुठलाही असो, महालक्ष्म्या जिथं बसतात तिथं त्या कुटुंबाचं घर असतं. वेगळे झालेले भाऊसुद्धा त्या तीन दिवसांत त्याच घरी जमतात. खुशालरावांनी आजवर कागदावर काय काय लिहून दिलं होतं आणि एकदाही पापणी हलली नव्हती. पण ज्या महालक्ष्म्या उद्या दारात यायच्या, त्यांचा पत्ता आज चुकीचा सांगायचा? तिकडं त्यांची बायको या घटकेला मुखवटे पुसत असणार.

"मूर्तिजापूरले," ते म्हणाले. मग कोणी विचारलं नसताना पुढंही म्हणाले, "पयले तीन वर्सं इथंच बसल्या. मंग तिकडं नेल्या. आता तिथंच बसतात."

हर्षा मोर्शीची होती. तिला याहून जास्त सांगावं लागलं नाही. तिनं ग्लास खाली ठेवला, टॅब उचलला, आणि त्या मुलीचा चेहरा पुन्हा कामाचा झाला.

"म्हणजे तुम्ही इथं राहत नाही, काका."

खुशालरावांनी वीजबिल घडी करून खिशात ठेवलं.

हर्षा पार्बताबाईंकडं वळली. तिलाही हे लवकर संपवायचं होतं, आणि वाईट मनानं नव्हे. "काकू, तुम्ही सख्खी बहीण आहात आणि इथं राहता, हे खरं असेल तर घर नियमात बसतं. बहीण कुटुंबातच धरतात. तुमची सही घेते, विषय संपला."

तिनं टॅब पुढं केला. शेवटची ओळ तिथंही होती, जिन्यातल्यापेक्षा बारीक अक्षरात.

पार्बताबाईंच्या हातात अर्धी माळ होती. त्यांनी पुढचं फूल ओवलं, दोऱ्याला गाठ मारली, माळ ओल्या फडक्यावर ठेवली. खुशालराव त्यांच्याकडं बघत होते. इतकी वर्षं घराचं बोलणं निघालं की ते बघायचे तसे नव्हे. उत्तराची वाट बघणारा माणूस बघतो तसे.

"लिहा, म्याडम," त्या म्हणाल्या. "मी इथं किरायानं राह्यतो. चार वर्सं झाले."

"पार्बताबाई," खुशालराव म्हणाले.

"यादीत माहा नंबर अडतीस हाय. मी कोनाची बहीण झाली तं थो पुसला जाते."

हर्षानं बोट टॅबवर धरून ठेवलं. "काकू, तीस दिवसांत घर खाली करावं लागंल. मग सील लागते. लिहू ना?"

"हाव. लिहा."

हर्षानं लिहिलं. खुशालरावांना आणि पार्बताबाईंना नोटिशीची एकेक प्रत मिळेल, असं सांगून ती समोरच्या दारात गेली. तिनं विचारलं नसताना गोदाबाईंनी नवऱ्याला उठवून दाखवलं.

खुशालरावांनी फोटो उतरवला, सदरे घडी करून पिशवीत टाकले. दाढीचा ब्रश विसरत होते, तो पार्बताबाईंनी आणून दिला. कुठल्यातरी लग्नघरातून पाहुणे जावेत तसं घर पुन्हा मोकळं झालं.

"तुमी तरी काहून सांगितलं जी?" पार्बताबाईंनी विचारलं. "या कोपऱ्यात बसतात म्हटलं असतं तं गेली असती पोरगी."

"जमलं नाई," खुशालराव म्हणाले. पिशवी बंद करता करता पुन्हा म्हणाले, "बाकीचं सगळं जमलं. थेच नाई जमलं. तुमी बी चांगलंच बुडवलं मले."

"मी बी बुडालीच न भाऊ."

खुशालरावांनी आठवड्यापूर्वी सांगून ठेवलेले दोन हार तयार होते. शेवंतीचे, मध्ये केवड्याचं पान, कंबरेपर्यंत येतील एवढ्या लांबीचे. पार्बताबाईंनी ते केळीच्या पानात बांधून दिले. खुशालरावांनी ते पिशवीत न टाकता दोन्ही हातांवर आडवे घेतले आणि दुपारच्या गाडीसाठी जिना उतरले. पाटी काढायला त्यांच्याकडं पेचकस नव्हता. ती राहिली.

गोदाबाई तांदळाचं सूप घेऊन दारात आल्या. "आमच्याकडं राह्यले ये म्हनत नाई," त्या म्हणाल्या, "आमीच सहा जन हावो. पन तुवं सामान ठेवाले जागा करीन." मग म्हणाल्या, "बरं, हे घर सील झालं म्हंजे यादी एकानं सरकंन. तुवा नंबर सदतीस होईन का मंग?"

"हाव."

"म्हंजे तुलेच घराबाहेर काढून तुलेच वर आनलं."

दोघी यावर हसल्या. गोदाबाई जास्त वेळ हसल्या.

दुपारी पार्बताबाईंना फुलांशेजारीच डोळा लागला. झोपेत त्या त्याच जिन्यावर होत्या, पण मजले मोजलेले नव्हते आणि कठड्यावर हात ठेवला की तो ओल्या दोऱ्यासारखा लागत होता. वर एक दार होतं. पाटी नव्हती, पाटीची भोकंही नव्हती. सवयीनं त्यांनी कमरेचा धक्का द्यायला अंग वळवलं, तेवढ्यात ते बोटानं उघडलं. आत फळी नव्हती, खिडकी कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं. खोली नुसती उजेडानं भरलेली होती आणि कोपरे चार होते, चारही रिकामे. कुठला निवडावा ते ठरायच्या आत त्या जाग्या झाल्या. सव्वातीन वाजले होते. भिंतीवर फोटोचा खिळा होता. अजून चौदा हार बाकी होते.

रात्री आठाला शेवटची गाठ मारून त्यांनी हार ओल्या फडक्यात गुंडाळले, पाणी शिंपडलं आणि ऑटोवाल्याला फोन लावला. मंगळवारी महालक्ष्म्यांमुळं फुलांची बोली अर्धा तास आधी, साडेतीनलाच सुरू होते. त्यांनी त्याला पहाटे तीनला बोलावलं. घरकुल कक्ष साडेदहाला उघडतो. त्याच्या बाहेरच्या फलकावर उद्याही तीच यादी असेल, आणि अडतिसाव्या ओळीत पार्बताबाईंचं नाव.