सासऱ्यांचा नाटकाचा दिवस

आमच्या कट्टा गावच्या बाजारात मासळीच्या भावापेक्षा जास्त चर्चा चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज नाटककाराची होत असेल, तर त्याला पृथ्वीतलावर एकच माणूस जबाबदार आहे, आणि तो म्हणजे माझे सासरे. उभी हयात इंग्रजी शिकवून ते शाळेतून निवृत्त झाले, पण गावाच्या दृष्टीने निवृत्त झाली ती शाळाच. कारण त्यानंतर घंटा वाजून तास संपायची सोय उरली नाही.

त्या नाटककाराला ते 'आमचो नाटकवालो' म्हणायचे, जणू तो त्यांच्या मूळ गावचा, मिठबावचा चुलतभाऊ. दोन भावांत बांधावरून डोकी फुटली, की हे तिथे हजर. "ह्या आमच्या नाटकवाल्यान कधीच लिवन ठेवल्यान!" लग्न ठरलेल्या मुलाला भररस्त्यात थांबवून सांगायचे, "शेवट गोड होतलो, पण मधी गैरसमज होतले. घाबरू नको." एकदा नव्वदीतले एक आजोबा झोपेतच गेले. सासरे भेटायला गेले आणि मोठ्या मुलाचा हात धरून म्हणाले, "पाचवो, शेवटचो अंक बरो झालो हो!" रडावं की आभार मानावेत, हे त्या घराला अजून कळलेलं नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. मुलींना राज्य वाटून देणारा नाटकवाल्याचा म्हातारा राजा चुकला की मुली चुकल्या, एवढंच विचारलं. समोरच्या पोह्यांकडे बघत मी म्हणालो, "आपापल्या जागी सगळेच बरोबर." ते आत वळून ओरडले, "बँकेतलोच आसा गो हो!" आणि लग्न ठरलं. सासूबाई कधी वैतागल्या नाहीत. "तेंका बोलांदे, तवसर भात शिजता," म्हणायच्या.

सासूबाई गेल्या आणि तेराव्याच्या दिवशी घर फुटलं. जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी मृत्यूवर तासभर व्याख्यान दिलं. माझी मेहुणी, त्यांची धाकटी लेक, भिंतीला टेकून ऐकत होती. ती शेवटी म्हणाली, "बाबा, आईकडे तुमी जल्मात कधी साधा बोललास नाय. नुसती भाषणां केलास."

"भायर हो," सासरे म्हणाले. "परत हय पाय ठेव नको."

ती पुण्याला निघून गेली. त्यानंतर काही वर्षं बापलेकीत चकार शब्द नाही. माझी बायको बहिणीची खबर मुद्दाम मोठ्याने मला सांगायची आणि सासरे ऐकत नसल्याचं दाखवत टीव्हीचा आवाज बारीक करायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी वाचनालयाच्या सभागृहात 'नाटकवाल्या'वर दिवसभराची व्याख्यानं ठरवली. बाहेरून दोन प्राध्यापक बोलावले आणि तिसरं भाषण स्वतःकडे ठेवलं. माणसं आली, कारण न येऊन चाललं नसतं; तेच भाषण घरी येऊन ऐकवलं गेलं असतं. पहिल्या प्राध्यापकांनी मोठं रहस्य फोडावं तसं सांगितलं, की त्या काळी बायकांच्या भूमिका पुरुषच करत. दशावतारी पार्ट्यांची नाटकं बघत वाढलेल्या गावातला मागचा एक आवाज म्हणाला, "मगे? आमच्याकडे आजून करतत." दुसऱ्या प्राध्यापकांच्या भाषणात गाव शांतपणे झोपलं.

मग सासरे उठले आणि त्यांनी म्हाताऱ्या राजाची गोष्ट चक्क मालवणीत सुरू केली. माझ्यावर कोणाची किती माया, असं राजा मुलींना विचारतो. थोरल्या दोघी गोडगोड बोलतात, धाकटी खरं बोलते आणि राजा तिला हाकलतो. गाव खडबडून जागं झालं. जिवंतपणी वाटणी करावी काय, यावर मागे तावातावाने वाद लागला. सासरे रंगात आले. वादळातला राजा तर त्यांनी असा उभा केला, की पुढच्या रांगेने पाय वर घेतले. मग राजा थकून झोपतो, जागा होतो, आणि समोर धाकटी उभी. सासरे म्हणाले, "राजा तिका बघता... आणि म्हणता..."

पुढे काही आलंच नाही. चष्मा काढून ते हातात फिरवत राहिले. पहिल्या रांगेत फिलोमिनाबाय होत्या, सासऱ्यांच्याच शाळेत पूर्वी शिवण शिकवणाऱ्या, घरचं सगळं ठाऊक असलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "मास्तरानु, राजान माफी मागल्यान काय नाय?"

"मागल्यान."

"मगे तुमी कित्याक थांबलास?"

सासरे व्यासपीठावरून उतरले आणि थेट बाहेर पडवीत गेले. आम्ही नवराबायको मागे धावलो. माझ्या बायकोने न विचारताच बहिणीला फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून "ताई?" असं ऐकू आलं. सासरे खांबाला धरून उभे. आता हे नाटकवाल्यापासून सुरुवात करणार, म्हणून मी डोळे मिटले.

"जेवलंस काय गो?" ते म्हणाले.

पलीकडून तिने काहीतरी सांगितलं.

"काय केलं हुतंस?... वालीची भाजी? बरां." मग म्हणाले, "माझा चुकला, बाय."

आत प्राध्यापकांनी अवघडून विचारलं, "व्याख्यान पुढे होणार आहे का?" फिलोमिनाबाय म्हणाल्या, "झाला मां आता. चाय आणा."

एप्रिलात मेहुणी आली. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. तिने आल्याआल्या बापाची मळकी उशी उन्हात टाकली आणि त्यावरून दोघं भांडले, एवढंच. मग सगळे मिठबावच्या घरच्या बागेत गेलो, तिथे मात्र दोघं दुपारभर आंब्याखाली बसून होते. काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. तिचाच आवाज जास्त येत होता.

उन्हं कलल्यावर सासरे माझ्याकडे आले. "जावयबापू, हिच्या आईक दर्या बघूक आवडायचो. हय इली काय हळूच एकटीच जाय, असा ही म्हणता. माका आज कळला."

मी म्हटलं, "चला, जाऊन येऊ."

किनाऱ्यावर त्यांनी चपला काढून शेजारी ठेवल्या आणि वाळूत बसले. होड्या परतत होत्या. मी वाट बघितली, पण ते काहीच बोलले नाहीत. थोडे बाजूला सरकले फक्त, शेजारी कोणाला तरी जागा करून द्यावी तसे.