रेतीवरची कोरांटी

गाव सोडायला गाडीत सामान भरून झालं, तरी मायचा पत्ता नव्हता. गाडी तांड्यावरच्या ओळखीच्या बंजाऱ्याची, त्याला उजेडी परतायचं होतं. बाबा मला घेऊन पैनगंगेवर गेले, तर माय रेताड थडीवर बसून कोरांटीला तांब्यानं पाणी घालत होती.

त्या झुडपांमध्ये माझा धाकटा भाऊ बाळू पुरलेला होता. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबांनी मेलेली जनावरं ओढणं सोडलं. गावानं आम्हाला काम देणं बंद केलं, आणि नदीच्या रेतीत खणलेल्या झिऱ्यावर पाटलाची माणसं बसली, आम्हाला पाणी भरू देईनात. उन्हाळाभर आम्ही डबक्याचं पाणी प्यायलो. बाळू हगवणीनं गेला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून मायनं भोवती कोरांटीच्या काटेरी फांद्या रोवल्या. रेतीत त्याच तेवढ्या जगल्या.

“चाल आता,” बाबा म्हणाले, “गाडी थांबून राह्यली.”

“अन् याले कोन पाह्यन?”

“जित्या पोरीले पाणी पाजाचं हाये मले.”

माय उठली. रिकामा तांब्या घेऊन गाडीकडे निघाली.

नागपुरात बाबा गिरणीत लागले. वस्तीच्या नळावर कोणी जात विचारत नव्हतं. पहिल्या दिवशी बाबा मला म्हणाले, “पी, पोटभर पी.” माय पाण्याचा भरलेला गुंड पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. मी शाळेत जाऊ लागले, माझ्या ‘मले’चं ‘मला’ झालं. मायचं काही बदललं नाही. थंडी पडली की ती गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात पुटपुटायची, “आता फुलली असन.”

बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी तिला एसटीनं पुसदला आणि तिथून गावी नेलं. गावातच राहिलेल्या काकू थडीवर सोबत आल्या. कोरांटी एवढी माजली होती की सगळी थड पिवळी झालेली, आणि आमची कोणती ते कळेना. माय एकेक झुडूप फाकवून बघत राहिली. हात रक्ताळले.

“इथंच होतं वाटते, बाई,” काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, “नाही, त्या अंगाले असन.”

माय रेतीत बसली. “हरवलं वो माह्यं पोरगं.”

काकूंना मी मनातल्या मनात सांगते: काकू, तुम्ही निरोप धाडता, ‘आता झिऱ्यावर कोणी अडवत नाही, या.’ पाणी मिळतं म्हटल्यावर बाबा असते तर आले असते. मी मायसमोर गावाचं नाव काढत नाही. माझं घर आता नागपूरच म्हणायचं. माय मात्र इथं इतक्या वर्षांनीही पाहुण्यासारखी भिंतीला टेकून बसते, आणि तिला कुठे पोचवावं ते मला कळत नाही.